कमी वापरातल्या प्लॅटफॉर्मवर गेम पोर्ट करताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

गेम पोर्ट करायला, म्हणजे एका प्लॅटफॉर्मवरचा गेम दुसऱ्यावर न्यायला, बसलेले बहुतेक जण एकाच जागी सुरुवात करतात. सोर्स कोड नव्या मशीनवर उतरवायचा, बिल्डची कमांड द्यायची आणि धबधब्यासारख्या कोसळणाऱ्या एरर एकेक करून गप्प करायच्या. दोन दिवसांनी कोड कंपाइल होतो, गेम उघडतो आणि समोर काळा पडदा. आता चूक नक्की कुठे आहे? प्रोसेसर वेगळा म्हणून, ग्राफिक्स ड्रायव्हर वेगळा म्हणून, की परवा रात्री कंटाळून कॉमेंट केलेल्या त्या बारा ओळींमुळे? सगळं एकाच वेळी बदललेलं असल्यामुळे उत्तर सापडत नाही.

हा लेख सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या आणि सोर्स कोड हाती असलेल्या गेमसाठी आहे. प्लॅटफॉर्म कोणताही चालेल: एआरएम किंवा रिस्क-फाइव्हचा बोर्ड, जुनं पॉवरपीसी मशीन, बीएसडी किंवा हायकूसारखी ऑपरेटिंग सिस्टिम, एखादा जुना कन्सोल. सोर्स कोड नसेल तर रस्ताच वेगळा. एआरएम लिनक्सवर बॉक्स६४ किंवा फेक्स हे x८६, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्राम चालवून दाखवतात. तिथे पोर्ट करायचं काही उरत नाही. सोर्स कोड असला तरी आधी हे करून पाहा. त्यावर गेम नीट चालत असेल, तर तुमचे महिने वाचले.

## टप्पा १: कोडला हात लावण्याआधीची यादी

आधी परवाना वाचा. इंजिनचा कोड मोकळा असणं आणि गेमचा डेटा मोकळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डूम या गेमचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला आणि १९९९ मध्ये जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली आला. पण पूर्ण गेमच्या लेव्हल्स, चित्रं आणि आवाज आजही विकत घ्यावे लागतात. म्हणून पोर्टबरोबर डेटा द्यायचा असेल तर फ्रीडूमसारखा मोकळा संच वापरतात. ओपनटीटीडी या गेमनेही ओपनजीएफएक्स या नावाने स्वतःची मोकळी चित्रं उभी केली, ती याच अडचणीपायी.

मग लायब्ररींची यादी करा. चित्र, आवाज, व्हिडिओ, नेटवर्क, स्क्रिप्टिंग, कॉम्प्रेशन, प्रत्येक कामासाठी गेम कोणती लायब्ररी वापरतो ते लिहा आणि पुढे दोनच उत्तरं लिहा: सोर्स मिळतो का, आणि तुमच्या प्लॅटफॉर्मवर ती आधीच कोणी चालवली आहे का. नेहमी घोडं अडतं ते आवाजाच्या नाहीतर व्हिडिओच्या बंद लायब्ररीवर. डूमचंही तेच झालं होतं. डॉसवरची आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची, त्यामुळे खुला करायला लिनक्सवरचा कोड निवडावा लागला. तुमच्या गेममध्ये असं काही निघालं, तर त्याच्या जागी काय येणार हे आजच ठरवा. सगळं झाल्यावर फक्त कटसीनसाठी अडून बसलेले पोर्ट मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता प्लॅटफॉर्मची कुंडली मांडा:

- बाइटचा क्रम लिटल एंडियन (आकड्याचा हलका बाइट आधी) की बिग एंडियन (वजनदार बाइट आधी)?
- पॉइंटर ३२ बिटचा की ६४ बिटचा? लाँग किती बाइटचा?
- सी मधला ‘चार’ टाइप (आकडा नव्हे, एका बाइटचा अक्षर-टाइप) साइन्ड की अनसाइन्ड?
- मेमरीचं पेज किती केबीचं?
- ग्राफिक्ससाठीचं ओपनजीएल पूर्ण मिळतं, ईएस (त्याची मोबाइलसारख्या मशीनसाठीची आवृत्ती) मिळतं, की काहीच नाही?
- रॅम किती? चित्रांसाठी वेगळी मेमरी आहे का?
- फाइलींच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं मानलं जातं का?

या यादीतलं जे तुमच्या नेहमीच्या मशीनपेक्षा वेगळं आहे त्यावर खूण करा. जितक्या खुणा तितके बदल, आणि हे बदल एका वेळी एकच करायचे. विंडोजवरचा गेम थेट बिग एंडियन पॉवरपीसीवरच्या बीएसडीत नेऊ नका. आधी साध्या पीसीवरच्या लिनक्सवर न्या. मग त्याच पीसीवर बीएसडीत. प्रोसेसर सर्वांत शेवटी. रस्ता लांबचा वाटतो, पण प्रत्येक मुक्कामी गेम बिघडला तर तो कशामुळे बिघडला हे तुम्हाला माहीत असतं.

## टप्पा २: ओळखीच्या मशीनवर पाया पक्का करणे

लोक सर्वांत जास्त वगळतात तो हाच टप्पा. नव्या मशीनची वायरसुद्धा लावू नका अजून.

गेम पीसीवर बांधा, चालवा आणि नंतर तुलना करायला पुरावे साठवा. ठरावीक पाच जागांचे स्क्रीनशॉट, एक सेव्ह फाइल आणि गेममध्ये खेळ रेकॉर्ड करायची सोय असेल तर दोन-तीन रेकॉर्डिंग. डूमच्या डेमो फाइलींमध्ये चित्र नसतं. सेकंदाला ३५ टिक (गेमच्या गणिताच्या पायऱ्या) या हिशोबाने खेळाडूने काय केलं एवढंच असतं. ती फाइल नव्या मशीनवर चालवली आणि खेळाडू भिंतीला धडका देत राहिला, तर समजायचं की गणित कुठेतरी चुकलंय. यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा कठोर परीक्षा मला अजून मिळालेली नाही.

मग जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरचे ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड बिहेवियर हे दोन्ही सॅनिटायझर (गेम चालताना कोडमधल्या छुप्या चुका पकडणाऱ्या तपासण्या) लावून गेम अर्धा तास खेळा. ॲरेच्या बाहेर एक बाइट वाचणारा कोड पीसीवर वर्षानुवर्षं निमूट चालतो आणि नव्या मशीनवर पहिल्या मिनिटाला कोसळतो. तो दोष पोर्टचा नाही, आधीपासूनचा आहे. इथे डीबगर आहे, साधनं आहेत, वेग आहे, इथेच काढा.

जुना गेम एसडीएल (खिडकी, आवाज आणि बटणं सांभाळणारी लायब्ररी) १.२ वर असेल तर एसडीएल २ किंवा ३ वर न्यायचं कामही इथेच उरका. घाई असेल तर जुन्या हाका (फंक्शन कॉल) नव्या लायब्ररीकडे वळवणारा एसडीएल१२-कॉम्पॅट नावाचा थर आहे, तो तात्पुरता चालतो.

फाइलींची नावंही आत्ताच. कोडमध्ये ‘डेटा’चं पहिलं अक्षर मोठं, डिस्कवर लहान, कुठे उलटी तिरकी रेघ. विंडोजवर हे सगळं खपतं. लिनक्सवर फाइल सापडत नाही आणि गेम काही न बोलता त्या भिंतीला पांढरा रंग देतो. फाइल उघडणारं एकच फंक्शन ठेवा, अपयश आलं की त्याने पूर्ण पत्त्यासह ओरडलं पाहिजे.

> तपासणी: पीसीवरच्या लिनक्सवर ६४ बिटमध्ये गेम सुरू होतो, सॅनिटायझर गप्प आहे, रेकॉर्डिंग शेवटपर्यंत जुळतं. यातलं एकही ‘जवळजवळ’ असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: चित्र आणि आवाज न लावता बिल्ड

नव्या प्लॅटफॉर्मवरचं पहिलं ध्येय गेम दिसणं हे नाही. डेटा वाचून, पहिली लेव्हल मेमरीत चढवून, शंभर टिक चालवून नीट बाहेर पडणं एवढंच. एसडीएलमध्ये व्हिडिओसाठी ‘डमी’ नावाचा ड्रायव्हर असतो, तो निवडला की खिडकी उघडतच नाही. आवाजासाठी ‘डिस्क’ ड्रायव्हर आहे, तो आवाज फाइलीत लिहितो. ती फाइल पीसीवर आणून ऐकता येते.

बिल्डमधल्या नेहमीच्या ठेचा अशा:

दुसऱ्या मशीनसाठी पीसीवरच कंपाइल करत असाल तर लायब्ररींचा पत्ता सांगणारं पॅकेज-कॉन्फिग हे साधन गुपचूप पीसीच्या लायब्ररी उचलून देतं. शोधाची जागा लक्ष्य प्लॅटफॉर्मच्या फोल्डरपुरती बांधून टाका. पुष्कळ गेम बिल्डच्या वेळी स्वतःचंच एक छोटं साधन बांधतात, उदाहरणार्थ चित्रं एका फाइलीत कोंबणारं. ते साधन पीसीवर चालायचं असतं, म्हणून ते पीसीसाठीच कंपाइल व्हायला हवं. नाहीतर ‘ही फाइल चालवता येत नाही’ असा निरोप मिळतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

बिल्ड फाइलीत कोणी ‘मार्च नेटिव्ह’ लिहून ठेवलंय का पाहा. ज्या मशीनवर कंपाइल होतंय त्याच्याच प्रोसेसरसाठी सूचना काढायला सांगणारा हा पर्याय आहे. बांधलेली फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की तो रडवतो.

नंतर प्लॅटफॉर्मच्या अटी. ‘विंडोज असेल तर हे, नाहीतर ते’ अशी अट दिसली की समजा, त्या ‘नाहीतर’मध्ये लिनक्स गृहीत धरलेलं आहे. स्वतःचा पत्ता प्रॉक फोल्डरमधून वाचणारा कोड फ्रीबीएसडीवर चालत नाही. हायकूवर यूएसआर फोल्डरच नाही आणि नेटवर्कची फंक्शन्स वेगळ्या लायब्ररीत आहेत. अशा जागी प्लॅटफॉर्मचं नाव विचारणारी नवी अट वाढवत बसू नका. ‘हे फंक्शन आहे का’ असं सीमेक या बिल्डच्या साधनाला विचारा. पुढच्या माणसाला तुमच्या प्लॅटफॉर्मशी देणंघेणं नसतं, पण तुमची तपासणी त्याच्याही कामी येते.

> सावधान: न जमणारा भाग कॉमेंट करू नका. त्या जागी रिकामं फंक्शन ठेवा आणि ते हाकारलं गेलं की लॉगमध्ये त्याचं नाव लिहिलं जाऊ द्या. शांत बसणारं रिकामं फंक्शन तीन आठवड्यांनी सापडतं.

x८६ ची असेंब्ली आणि एसएसईच्या (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या x८६ च्या खास) सूचना यांच्या जागी आधी साधा सी मधला कोड घाला. पुष्कळ जुन्या गेममध्ये तो शेजारीच पडलेला असतो. वेग कमी पडलाच तर सिमडी किंवा एसएसई२निऑन या हेडर फाइली नंतर लावता येतात. आत्ता बरोबर उत्तर हवंय, जलद नव्हे.

## टप्पा ४: बाइट, टाइप आणि पॅडिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एंडियनचं एक उदाहरण जवळून पाहू. डूमची डेटा फाइल चार अक्षरांनी सुरू होते, त्यानंतरच्या चार बाइटमध्ये आत किती नोंदी आहेत तो आकडा असतो. समजा नोंदी १२६४ आहेत. फाइलीत ते बाइट २४०, ४, ०, ० असे दिसतात: २४० अधिक ४ गुणिले २५६. लिटल एंडियन मशीन हे थेट इंटिजरमध्ये वाचून १२६४ म्हणतं. बिग एंडियन मशीन पहिला बाइट सर्वांत वजनदार मानतं आणि तेच चार बाइट त्याला उणे २६,८१,७३,३१२ वाटतात. पुढे कोड तेवढ्या नोंदींसाठी मेमरी मागतो आणि गेम संपतो. हा क्रॅश निदान समोर तरी दिसतो. सोळा बिटांचे कोऑर्डिनेट उलटे वाचले गेले तर गेम चालतो, फक्त नकाशा फुटलेल्या काचेसारखा दिसतो.

उपाय म्हणून ‘बिग एंडियन असेल तर उलटा कर’ अशा अटी सगळीकडे पेरू नका. फाइलीतून एकेक बाइट घ्या आणि शिफ्ट करून आकडा बनवा. हा कोड कुठल्याही मशीनवर तसाच चालतो, अट लागत नाही. असं एकच फंक्शन लिहा आणि फाइल वाचणारी प्रत्येक जागा तिथे वळवा.

अख्खा स्ट्रक्ट एका दमात फाइलीत लिहिणारा किंवा फाइलीतून उचलणारा कोड दिसला की तो मोडा. त्यात तीन दुखणी एकत्र असतात. एंडियन झालंच. दुसरं, कंपायलर मध्ये सोडत असलेली रिकामी जागा, म्हणजे पॅडिंग. तिसरं, लाँग. ६४ बिट विंडोजवर लाँग ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा. सेव्ह फाइल उघडत नसेल तर आधी हेच बघा. फाइलीत जाणाऱ्या प्रत्येक आकड्याचा टाइप ठरावीक रुंदीचा हवा, सी९९ पासून ते टाइप भाषेतच आहेत.

‘चार’ टाइपने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या आहेत. x८६ वर जीसीसी तो साइन्ड धरतं. एआरएम, पॉवरपीसी आणि रिस्क-फाइव्हवरच्या लिनक्समध्ये तो अनसाइन्ड असतो. गेममध्ये दिशा ठेवायला कोणी तरी हा टाइप वापरला होता: उणे १ म्हणजे डावीकडे. नव्या बोर्डवर उणे १ चे २५५ झाले. डावीकडचं बटण दाबलं की पात्र उजवीकडे सुसाट सुटायचं. मी दोन दिवस कंट्रोलरचा ड्रायव्हर उसवत होतो, कारण दोष बटणात ‘दिसत’ होता. ‘साइन्ड चार’ धरायला सांगणारा पर्याय कंपायलरला दिला आणि पात्र वळलं. तो पर्याय निदानासाठी उत्तम, पण कायमचा उपाय म्हणजे त्या व्हेरिएबलपुढे साइन्ड लिहिणं.

फ्लोटमधून अनसाइन्ड इंटिजर करतानाही असाच दगा होतो. ऋण फ्लोट अनसाइन्डमध्ये टाकणं भाषेच्या नियमात बसत नाही. x८६ वर बहुधा आकडा गुंडाळून उलट्या टोकाला जातो आणि लिहिणाऱ्याला हवं ते मिळतं. ६४ बिट एआरएमवर तो शून्यावर थांबतो. कोनांचं गणित असं केलेलं असेल तर अर्धे शत्रू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. आधी साइन्ड इंटिजरमध्ये, मग अनसाइन्डमध्ये, असं दोन पायऱ्यांत करा.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात: बाइटच्या बफरमधल्या विषम पत्त्यावर इंटिजरचा पॉइंटर ठेवून वाचणं स्पार्क आणि जुन्या एआरएमवर चालत नाही. मेमकॉपी करून वाचा, कंपायलर ते जलदच करतो.

> तपासणी: दोन्ही मशीनवर प्रत्येक डेटा फाइल वाचून झाल्यावर मेमरीतल्या आकड्यांची बेरीज लॉगमध्ये लिहा आणि ताडून पाहा. लॉग जुळत नसेल तर चित्राकडे वळू नका.

बिग एंडियन मशीन हाताशी नसेल तर पीसीवर क्यूईएमयू हा दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम वापरा. बाइटचे गोंधळ त्यात सापडतात. अलाइनमेंटचे मात्र त्यात सुटून जाऊ शकतात, आणि वेगाचा अंदाज तर त्यावरून मुळीच बांधू नका.

## टप्पा ५: फ्लोट आणि डेमो

आता जुनं रेकॉर्डिंग चालवा. डूमसारखा गेम १६ बिट पूर्णांक आणि १६ बिट अपूर्णांक असं इंटिजरमधलं गणित वापरतो, त्यामुळे तो सगळीकडे सारखाच चालायला हवा. फ्लोट वापरणारे गेम हळूहळू फाकतात. ६४ बिट एआरएमवर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होते आणि मधलं राउंडिंग गळतं. जीसीसी ही जोडणी आपणहून करतं. जुन्या ३२ बिट x८६ वर उलट, मधली उत्तरं ८० बिटांत राहायची. शेवटच्या अंकातला फरक दहा मिनिटांनी वेगळ्या खोलीत नेऊन सोडतो.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये याने बिघडत नाही. नेटवर्कवर दोघांची मशीन्स एकच गणित स्वतंत्रपणे करत असतील, तर ही जोडणी बंद करायचा पर्याय कंपायलरला द्याच. जलद गणिताचा ‘फास्ट मॅथ’ पर्याय बिल्ड फाइलीत लपला असेल तर तोही काढा.

## टप्पा ६: चित्र

गेममध्ये सॉफ्टवेअर रेंडरर, म्हणजे ग्राफिक्स चिपशिवाय चित्र काढणारा भाग, असेल तर आधी तो चालू करा. हळू चालेल, चालू द्या. चेहरे निळे दिसले तर लाल आणि निळ्या बाइटची अदलाबदल झाली आहे. पिक्सेलचा फॉरमॅट स्वतः गृहीत न धरता एसडीएलला विचारा.

ओपनजीएलचा जुना कोड ईएसवर नेताना मुख्य अडचण ही की बिगिन-एंडने एकेक शिरोबिंदू देण्याची पद्धत ईएसमध्ये नाही, चौकोन काढायची सोय नाही, आणि ईएस २.० मध्ये शेडरशिवाय (ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामशिवाय) काहीच दिसत नाही. जीएल४ईएस ही लायब्ररी जुन्या हाका ईएसमध्ये बदलून देते. कोणी काहीही म्हणो, पहिलं चित्र दिसेपर्यंत तीच वापरा. रेंडरर नव्याने लिहायचा मोह चालणारा गेम समोर असताना पुरवा.

शेडर स्वतः नेत असाल तर फ्रॅगमेंट शेडरमध्ये फ्लोटची अचूकता सुरुवातीलाच सांगावी लागते, डेस्कटॉपवर लागत नाही म्हणून लोक विसरतात. मध्यम अचूकता पुष्कळ चिपांवर १६ बिटांचीच असते. मोठ्या टेक्श्चरवर चित्र थरथरत असेल तर कारण बहुधा हेच. आणि डीएक्सटी पद्धतीने दाबलेली टेक्श्चर मोबाइलच्या चिपा सहसा घेत नाहीत. ईटीसी२ ईएस ३.० मध्ये सक्तीचं आहे, तिकडे बदलून घ्या.

## टप्पा ७: आवाज, वेळ, बटणं

बिग एंडियनवर आवाजाऐवजी खरखर ऐकू येत असेल तर सॅम्पलचे बाइट उलटे आहेत. आवाज तुटत असेल तर बफर दुप्पट करून पाहा, मग कमी करत या.

लॉजिक फ्रेमला बांधलेलं असेल तर ते सोडवा. नाहीतर हळू मशीनवर गेम पाण्यात चालल्यासारखा चालेल आणि १२० हर्ट्झच्या पडद्यावर धावत सुटेल.

कंट्रोलरची बटणं नावाने नव्हे, जागेने जोडा. निंटेंडोच्या कंट्रोलरवर ए आणि बी यांच्या जागा एक्सबॉक्सच्या उलट्या असतात.

## टप्पा ८: खऱ्या मशीनवरची मेमरी

निंटेंडोच्या वी या कन्सोलवर मुख्य मेमरी २४ एमबी अधिक ६४ एमबी, अशा दोन तुकड्यांत. गेमक्यूबवर मुख्य तुकडा २४ एमबीच. पीसीवर सुटसुटीत वाटणारा गेम इथे दारातच अडकतो. लेव्हल लोड करताना मेमरीचं शिखर किती जातं ते पीसीवरच मोजून ठेवा. सरासरी उपयोगाची नाही. दाबलेली फाइल आणि उलगडलेली फाइल एकाच वेळी मेमरीत असतात तो क्षण मारतो.

मसल या सी लायब्ररीवरच्या लिनक्समध्ये नव्या थ्रेडला डिफॉल्ट स्टॅक १२८ केबी मिळतो, नेहमीच्या ग्लिबसीवर सहसा ८ एमबी. फंक्शनच्या आत मोठा ॲरे घेणारा गेम तिथे निष्कारण कोसळल्यासारखा दिसतो. आणि रास्पबेरी पाय ५ च्या अधिकृत ६४ बिट सिस्टिमवर मेमरीचं पेज १६ केबीचं आहे. ४०९६ हा आकडा कोडमध्ये कोरून ठेवलेला असेल, तर तो सिस्टिमला विचारण्यात बदला.

## टप्पा ९: दुसऱ्याच्या हातात देणे

सेव्ह फाइल आणि सेटिंग्ज गेमच्या फोल्डरमध्ये लिहू नका. हायकूवर पॅकेजचे फोल्डर फक्त वाचता येतात, इतरत्रही साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नसते. एसडीएलमध्ये योग्य फोल्डर सांगणारं फंक्शन आहे, तेच वापरा. ज्या मशीनवर बिल्ड केलं त्याच्यावर हा दोष कधीच दिसत नाही, म्हणून नवीन वापरकर्ता उघडून एकदा तरी चालवा.

बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवताना तुकडे करा. एंडियनचा पॅच वेगळा, ‘चार’चा वेगळा, बिल्डचा वेगळा. पहिले दोन सगळ्यांच्याच फायद्याचे असल्याने ते पटकन घेतले जातात. तीन हजार ओळींचा एकच पॅच ‘अमुक प्लॅटफॉर्मसाठी आधार’ या नावाने पाठवला, तर सांभाळणाऱ्याकडे ते मशीन नाही, तो तपासू शकत नाही, आणि पॅच पडून राहतो. पॅचसोबत पीसीवर करता येईल अशी एक चाचणी द्या: क्यूईएमयूची कमांड आणि जुळायला हवी ती बेरीज.